पंधरावा हात

चिचटोल्याच्या ढिवरांना पंचांसमोर बसायची सवय होती, सभेत बसायची नव्हती. पंच म्हणजे पिंपळाखाली चार म्हातारे, चिलीम, आणि ज्याच्यावर आळ आहे तो मधोमध उकिडवा. सभा म्हणजे शाळेची खोली, सतरंजी आणि लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. मच्छीमार सोसायटी होऊन चार वर्षं झाली होती, तरी माणसं सभेला पिंपळाखाली गेल्यासारखीच जायची. डोक्याला दुपट्टा, गालात तंबाखू, आणि मनात एकच भरवसा, की शेवटी सारं आपसातच मिटतं.

ऐंशी सालच्या आषाढात फकिराही याच भरवशावर सभेला गेला. त्याचा बांबूचा सापळा तुडुमात सापडला होता. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, सोडायचं तोंड. मासोळी तिथं आपल्या पायानं चालत येते म्हणा ना. ती जागा फकिराच्या आज्यापासून त्यांच्या घराची. पण सोसायटीचा नियम होता, की आषाढ लागल्यापासून पोळ्यापर्यंत तलावात ना जाळं, ना सापळा, कारण मासोळी अंड्यावर असते. फकिरानं सापळा लावला होता बंदीच्या आधी. मग त्याला हिवताप भरला आणि आठ दिवस तो गोधडीखाली दात वाजवत पडला. सापळा पाण्यातच राहिला. तो काढला केवळरामनं, फकिराच्या थोरल्या चुलतभावानं. काढला आणि पोट फुगलेल्या मासोळ्यांसकट सरळ शाळेच्या ओसरीवर आणून ठेवला.

बायकांना सभेत जागा नव्हती. फकिराची बायको रेवताबाई खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी होती, पाऊस पाठीवर घेत.

अध्यक्ष पुंडलिकरावांनी विचारलं, "फकिरा, सापळा तुयाच होय का?"

"माह्याच होय जी," फकिरा म्हणाला. ताप उतरून दोनच दिवस झाले होते. हिवतापाचं त्यानं काही सांगितलं नाही. पंचांसमोर सबब सांगू नये असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं.

मारोतराव गुरुजींनी रजिस्टरातून ठराव वाचला. गुरुजी शाळेचे मास्तर, लाखनीकडचे. सोसायटीची लिखापढी फुकट करायचे आणि नियमाच्या बाहेर बोटभर जायचे नाहीत. ठराव असा, की फकिराचं नाव सभासदांतून कमी करावं आणि तुडुमाची जागा सोसायटीनं काढून घ्यावी. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

पहिला हात फकिराचा वर गेला.

जातीची रीतच तशी होती. आळ कबूल असला की माणसानं पंचांसमोर रिकामा पंजा वर करायचा. म्हणजे, तुमचा शब्द डोक्यावर, काय द्यायचा तो दंड द्या. मग पंच एक नारळ आणि जातीला एक वेळचं जेवण सांगत, माणूस जेवण घाली, आणि हात धुता धुता त्याचं पाप वाहून जाई. फकिराच्या बापानं हात वर केला होता, आज्यानंही केला होता. खिडकीतून रेवतानं तो हात पाहिला आणि तिचा जीव थोडा खाली आला. आता नारळ म्हणतील, फार तर दोन नारळ, असं तिनं धरलं.

फकिराचा हात पाहून बाकीच्यांचेही एकेक वर गेले. ज्याचा त्याला कबूल तर आपण कशाला मागं राहायचं. केवळरामचा गेला, भय्याजीचा गेला. म्हाताऱ्या मंगरूनं मात्र दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. गुरुजींनी पेन्सिलीच्या टोकानं हात मोजले आणि म्हणाले, "पंधरा."

सतरा सभासद. अध्यक्ष हात वर करत नसत, मंगरूनं केला नव्हता. हिशेब पुरा झाला आणि रजिस्टर मिटलं.

माणसं उठली. फकिरा बसूनच होता.

"दंड सांगा जी," तो म्हणाला.

एक जण दुपट्टा तोंडावर घेऊन हसला. केवळराम दारात थांबून म्हणाला, "सभा झाली फकिरा. ऊठ, सतरंजी गुंडाळाची हाय."

घरी फकिराची आंधळी आई बेबीबाई चुलीजवळ बसली होती. तिनं एकच विचारलं, "हात वर केला होता ना रे?"

"केला माय."

"मंग झालं. तुया बापानं बी केला होता," म्हातारी म्हणाली आणि निखारे सारू लागली.

तिसऱ्या दिवशी तुडुमात केवळरामचे सापळे लागले. बंदीचं काय, कोणी विचारलं नाही. सोसायटीनं देखरेखीसाठी जागा त्याच्याकडे दिली होती म्हणे.

मग रेवता केवळरामच्या घरी गेली. केवळराम तिचा भासरा. त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि बोलायचं ते जावेच्या तोंडून. त्याची बायको मंदाबाई सुपात तांदूळ घोळत होती. केवळराम हातभर अंतरावर बाजेवर बसून सुपारी कातरत होता.

"बाई," रेवता जमिनीकडे पाहून म्हणाली, "त्याइले म्हना, आमच्यासाठी काई रस्ता हाय का."

मंदाबाईनं नुसती मान वळवली. "ऐकलं का जी?"

"ऐकलं," केवळराम भिंतीला सांगू लागला. "सांग तिले. झालेला ठराव उघडता येते. पन कोनीबी उठावं आन उघडावा, असा नाई. ज्यानं त्या ठरावासाठी हात वर केला होता, त्यालेच थो हक. ज्यानं केला नाई, त्याले नाई."

"असं कसं?" रेवताच्या तोंडून थेट निघून गेलं. मंदाबाईनं डोळे वटारले. रेवतानं जीभ चावली आणि तेच पुन्हा मंदाबाईला विचारलं.

"हरलेला तं रोजच उठून रडंल. त्याचं कोन आयकंल? जिकलेल्याचं मन फिरलं तं सभा आयकते. गुरुजीच्या पुस्तकात तसं लिवलं हाय." त्यानं सुपारीची खांड जिभेवर ठेवली. "आन एकच वेळा. एकदा उघडला आन पुन्हा तेच झालं, का मंग जन्मात उघडत नाई. म्हनून तं मी हात वर केला. माह्या हात वर नसता, तं आज तुमच्यासाठी उघडाले कोन होता? फागुनातली वार्षिक सभा येऊ दे. मी उघडतो."

रेवताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन दिवस ती या माणसाला मनातल्या मनात माती देत होती आणि यानं आपल्यासाठीच हात वर केला होता. तिनं लांबूनच जमिनीला हात लावून तो कपाळी लावला.

ती निघाली तेव्हा मंदाबाई सूप आपटत म्हणाली, "उद्या आमच्या बांधीत रोवना हाय."

एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे असं कोणीच म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दोघं केवळरामच्या बांधीत उतरली. फकिरा धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या डोक्यावर वाहायचा. त्यांचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि संध्याकाळी त्याला पुन्हा हुडहुडी भरायची. रेवता बायकांच्या ओळीत वाकून रोवायची. जन्म मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन दिघोरीच्या बाजारात गेलेला; तिचा हात मासोळी कापायला बसलेला, चिखलात रोप खोवायला नव्हे. तिची ओळ वाकडी जायची. मंदाबाई धुऱ्यावरून, बांधीच्या कडेवरून, ओरडायची, "पानी पाहून रोव वं, मासोळी नाई पकडाची." बायका हसायच्या. पंधरा दिवसांत तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सडल्या.

बाकीच्या बायांना संध्याकाळी मजुरी मिळायची. यांना नाही, कारण हे घरचं काम. घरच्यांना दारात बसवून भात वाढत, वर पातळ वरण. मासोळी शिजलेली असली तरी तिचा वासच तेवढा दारापर्यंत यायचा. तुडुमातली मासोळी रेवताला वासावरून कळायची.

वाकल्या वाकल्या ती हात मोजायची. एक रोप खोवलं की एक हात. केवळराम एक, भय्याजी दोन, शाळेशेजारचे दोघे भाऊ, तीन आणि चार. असं करत ती चौदापर्यंत यायची आणि अडायची. गुरुजी पंधरा म्हणाले होते, ते तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. पंधरावा कोण? खिडकीतून दिसलेल्या पाठी ती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायची. जो ठराव उघडू शकतो असा आणखी एक माणूस गावात होता आणि तो कोण हे तिला माहीत नव्हतं. केवळरामचं काही बरंवाईट झालं, तर हाताशी असावा म्हणून तिला तो हवा होता.

मंगरू तिला धुऱ्यावर भेटला. साऱ्या गावात हा एकटाच त्यांच्या बाजूनं राहिलेला. म्हाताऱ्यानं तिचे पाय पाहिले आणि चुकचुकला. "माह्या हातात असतं तं..." तो बोलू लागला.

"तुमच्या हातात होतं ना बाबाजी," रेवता चवताळून म्हणाली. "सारे हात वर करत होते तं तुमचेच कायले मांडीखाली गेले? वर केला असता तं आज उघडता आला असता. चांगलपन केलं आन आमच्या काई कामाचे नाई राहिले."

सत्तर वर्षांत मंगरूला एवढं अपमानाचं कोणी बोललं नव्हतं, आणि तेही त्यानं केलेल्या एकुलत्या एका धीराच्या कामाबद्दल. तो काठी टेकत निघून गेला आणि नंतर कितीतरी दिवस त्यानं त्यांच्या दारावरून जाणं टाळलं.

निंदणाच्या दिवसांत ती घरोघर गेली. "भाऊजी, तुमचा हात होता का जी?" असं विचारत गेली. कोणी खाली मान घालून हो म्हणालं, कोणी तिलाच दटावलं. चौदा जण निघाले. पंधराव्याचा पत्ता लागला नाही. तिनं फकिराला विचारलं. तो जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "मी समोर बसलो होतो. मांगचे मले काय दिसते?"

भय्याजीला मात्र खरंच पाझर फुटला. तो सापळे विणणारा गरीब माणूस. "वहिनी, मले तवाच बरं नाई वाटलं," तो म्हणाला. "फकिरानंच कबूल केलं म्हनून केला हात वर. पोळ्याच्या मांगं सभा हाय, मीच उठतो आन उघडतो."

रेवता धावतच केवळरामकडे गेली. वाटलं, भासऱ्यालाही हलकं वाटेल.

केवळराम भिंतीकडे बघत मंदाबाईला म्हणाला, "सांग तिले, भय्याजीले कोन विचारते? थो उठंल, सभा हासंल, आन संपलं. एकच वेळ उघडते, म्हनलं होतं ना मी? थे एक वेळ भय्याजीच्या तोंडून वाया घालवाची असन तं घालव. मंग माह्याकडे येऊ नोको."

रेवतानं जाऊन भय्याजीच्या पायावर डोकं ठेवलं, की भाऊजी, तुम्ही उठू नका. भय्याजीला उमजलं नाही, पण एक ओझं उतरल्यासारखं वाटून तो गप्प बसला.

दिघोरीच्या वाटेवर एकदा गुरुजी सायकलवरून येताना दिसले. ती वाट सोडून काठाला उभी राहिली आणि धीर करून बोलली, "गुरुजी, आमचा ठराव उघडते ना जी?"

गुरुजींनी एक पाय जमिनीला टेकवला. "अर्ज आला की उघडतो. ज्यानं बाजूनं हात वर केला त्यानं लेखी द्यायचं, सभासद असो नसो. मी आषाढापासून वाट पाहतोय, अजून कोणी दिलं नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिला वाटलं, गुरुजी केवळरामबद्दलच बोलतात. गुरुजींना वाटलं, नवरा मानी आहे, अर्ज करायला तयार नाही. दोघंही आपापल्या वाटेनं गेली.

कार्तिकात धान कापला. पुसात चुरणा झाला, म्हणजे मळणी. बैल नसले तिथं फकिरा स्वतः धानावर पाय घासत फिरला. त्याची पिंडरी सोलून निघाली. माघात केवळरामनं त्याच्यापुढं बांबूची मोळी टाकली आणि सापळे विणायला सांगितले. "तुयासारखा हात कोनाचा नाई," असंही म्हणाला. फकिरानं बारा सापळे विणले. तुडुमासाठी तोंड किती रुंद ठेवायचं, कुठली बाजू प्रवाहाला द्यायची, सारं त्यानं केवळरामला तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दाखवलं. पंजाचं माप, वितीचं माप, आज्याकडून आलेलं सारं. परत आल्यावर तो आईजवळ बसला आणि म्हणाला, "माय, मी आज जागा बी देऊन टाकली."

"सभेनं घेतली होती ना?" म्हातारी म्हणाली.

"सभेनं नाव घेतलं होतं. जागा मी दिली."

रेवता चिडली. "तुमी नोका असं बोलू. आठ दिवसांनं सभा हाय. भासऱ्यानं शब्द देल्ला हाय."

सभेच्या आदल्या दिवशी केवळरामनं साऱ्या सभासदांना दुपारी जेवायला बोलावलं. मंदाबाईनं सकाळीच रेवताला हाक मारली. "तुमच्याच कामासाठी हाय वं, हात लाव."

तिनं हात लावला. मनापासून लावला. पाट्यावर लाल मिरच्या वाटल्या, अंगावर शिंतोडे उडून डोळे जळेपर्यंत वाटल्या. तुडुमातली मासोळी साफ केली, एकेक खवला काढला. भय्याजीला तिखट कमी लागतं म्हणून त्याच्यासाठी वेगळा रस्सा ठेवला. बेबीबाई म्हणाली होती तेच झालं, असं तिला वाटत होतं. पंच जेवायला बसलेत. उशिरा का होईना, जेवण पडतंय. पान आपल्या घरचं नाही, पण हात तर आपला आहे.

पंगत ओसरीवर बसली. ती आत चुलीशी. बाहेर केवळराम हळू आवाजात काही बोलत होता. मध्येच सगळे हसले. "दादा, तुमी तं मोठे वकील निघाले," कोणीतरी म्हणालं. तिला आनंद झाला. वकील आपल्या बाजूचा होता.

मंगरूला बोलावणं नव्हतं. पंगतीत एक भय्याजीच मान खाली घालून जेवत होता. त्याच्या पानातला रस्सा तसाच राहिला.

फाल्गुनातली सभा सकाळी भरली. शाळेच्या आवारात पळसाची फुलं सांडली होती. फकिरा सभासद नव्हता, म्हणून आत जाता येईना. तो दाराच्या उंबऱ्याबाहेर बसला, धुतलेलं धोतर नेसून. रेवता त्याच्या मागं.

केवळराम उठला. अर्जाचा कागद गुरुजींपुढं ठेवून, हात जोडून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, आषाढातल्या ठरावासाठी मी हात वर केला होता. माह्यं मन फिरलं. फकिरा माह्या रक्ताचा हाय. थो ठराव पुन्हा विचारात घ्यावा, अशी माही विनंती हाय." आणि बसला.

आठ महिने ज्या चार वाक्यांसाठी रेवतानं पाय सडवले होते, ती वाक्यं त्यानं म्हटली होती. शब्दाचा पक्का निघाला भासरा. तिनं पदराखाली नवऱ्याच्या पाठीला हात लावला.

एकानं पाठिंबा दिला. गुरुजींनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. केवळराम बोलेल म्हणून तिनं वाट पाहिली. हिवतापाचं सांगेल, सापळा आधीचा होता ते सांगेल. केवळराम सतरंजीचा धागा उपटत बसला होता. मंगरू बोलायला उठला, पण त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत पुंडलिकराव म्हणाले, "चला, मतावर टाका."

"फकिराला परत घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

केवळरामचा हात वर गेला. उंच, सरळ, साऱ्यांना दिसेल असा. मंगरूचा गेला. भय्याजीचा अर्धा उठला, केवळरामनं मान न वळवता फक्त डोळे वळवले. तरी तो हात खाली गेला नाही, तसाच अर्धवट राहिला. आणि एवढेच.

"तीन," गुरुजी म्हणाले. "विरुद्ध?"

बारा हात वर गेले. काल तिनं रांधलेल्या भातानं माखलेले बारा हात. रेवतानं ते मोजले नाहीत, पण बोटांवरची हळद अजून गेली नव्हती ती तिला दिसली.

गुरुजींनी लिहिलं आणि वाचलं. "फेरविचार झाला. मूळ ठराव कायम. पोटनियमानुसार हा विषय आता पुन्हा विचारात घेता येणार नाही."

केवळराम उसासा टाकून दाराकडे वळला. "माह्याकडून व्हाचं थे मी केलं बावा. सभेपुढं कोनाचं चालते?"

तेव्हा रेवता उठली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. भासरा समोर होता, साऱ्या गावचे पुरुष होते, तरी तिनं मध्ये मंदाबाई घेतली नाही.

"गुरुजी, आषाढात पंधरा हात होते. चौदा मले माहीत हायत. पंधरावा कोनाचा होता? त्यानं तं अजून उघडला नाई. त्याले विचारा ना जी."

"एकदाच उघडतो, बाई. कोणीही उघडला तरी."

"नाव तं सांगा."

सभेत तसं कोणी विचारलं नव्हतं कधी. पण विचारलं तर सांगायचा नियम होता. गुरुजींनी पानं मागं उलटली, चष्मा सारखा केला आणि आषाढातली नावं वाचायला घेतली. पहिलंच नाव वाचलं, "फकिरा."

"पहिला हात त्याचाच होता," गुरुजी म्हणाले. त्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं. "म्हणून तर मी त्याच्या अर्जाची वाट पाहत होतो. त्यानं कागदावर अंगठा उठवून दिला असता, तरी मी पहिल्याच सभेत घेतला असता. तेव्हा माणसं ओशाळलेली होती. पोळ्याच्या सभेत बहुतेक उलटलाच असता ठराव." मग त्यांनी केवळरामकडे पाहिलं. "तुम्ही तर त्या दिवशी नावं लिहिताना माझ्या शेजारीच बसला होता. सांगितलं नाही यांना?"

केवळराम दुपट्टा झटकून खांद्यावर टाकत होता. "मले कोनी विचारलंच नाई," तो म्हणाला.

रेवतानं नवऱ्याकडे पाहिलं. तो उंबऱ्याबाहेर तसाच बसला होता, आपला उजवा पंजा मांडीवर उलटा ठेवून, बघत. बाराही सापळे ज्यानं विणले तो पंजा. तिला त्याची कीव आली नाही. त्या क्षणी तिला त्याचा राग आला, जीव घ्यावा एवढा. आणि त्याहून जास्त स्वतःचा. आठ महिने बांधीत वाकून तिनं गावातले सारे हात मोजले होते आणि आपल्या घरातला, रात्रंदिवस उशाशी असलेला हात तिला मोजावासा वाटला नव्हता.

"कायले केला होता वर?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"बाप करत होता," फकिरा म्हणाला.

सभा पुढं सरकली, कारण सभा कोणासाठी थांबत नाही. पुढचा विषय उन्हाळी जाळ्याचा होता. पाणी आटलं होतं, चैत्रात तलावाला मोठं जाळं लागायचं होतं, ओढायला माणसं कमी पडत होती. केवळरामनं सुचवलं, की सभासद नसलेले मजूर घ्यावेत, रोजानं. सगळ्यांनी मान डोलावली.

पुंडलिकरावांनी दाराबाहेर बसलेल्यांकडे पाहून विचारलं, "जाळं वढाले कोन कोन येते? येनाऱ्यानं हात वर करा."

ओसरीवर पाच-सहा गोंड, दोन कुणबी पोरं आणि फकिरा होता. फकिराचा हात मांडीवरून उठू लागला. रेवतानं खाली बसून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि जमिनीशी दाबून ठेवलं. त्याचं हाड तिच्या तळव्याला लागलं. एवढं बारीक झालं होतं ते, हे तिला आजच कळलं.

ती तशीच धरून बसली. सकाळी म्हातारीला पेज दिली होती ती शेवटच्या मूठभर कणीची. पुढच्या रोवण्याला चार महिने होते. तलाव समोर दिसत होता आणि त्यातली एकही मासोळी आता त्यांची नव्हती.

तिनं मनगट सोडलं.

गुरुजींनी पेन्सिल उचलली आणि उंबऱ्यापासून हात मोजायला सुरुवात केली. पहिला फकिराचाच होता.